मुक्या बोक्याची मैफल

1997 सालची दिवाळी. माझ्या आत्याचे दोन नातू अमेरिकेहून रेवदंड्याला आले होते. नातवांना मराठी येईना, आत्याला इंग्रजी कळेना. आत्याने चकलीचे ताट पुढे सरकवावे, पोरांनी मान हलवावी, आणि ताट तसेच माजघरात परत जावे, हे पाहून मलाच अवघडल्यासारखे होई. आपलीच नातवंडे, आणि त्यांच्याशी बोलायला दुभाषा हवा!

पाडव्याच्या संध्याकाळी पोरांनी टीव्ही लावला. पडद्यावर टॉम नावाचा बोका काळा कोट घालून ऐटीत पियानोला बसला होता. हात पुसत बाहेर आलेली आत्या उंबऱ्यातच थबकली.

'द कॅट कॉन्सर्टो' हे ते 1947 सालचे व्यंगपट. पियानोच्या पोटात तारांवर आपटणाऱ्या लहान हातोड्या असतात, त्यांवर जेरी उंदीर गाढ झोपलेला. सूर उठले तशी त्याची झोप मोडली आणि युद्धाला तोंड फुटले. पुढे तर पट्ट्यांच्या जागी उंदराचा सापळा येतो, बोक्याचे बोट त्यात सापडते. पण भरल्या सभेत मैफल मोडायची नाही म्हणून तो वाजवतोच आहे! शेवटी तो थकून कोसळतो आणि टाळ्या घेतो उंदीर. सबंध चित्रात संवाद म्हणून नाही.

"अगं बाई," आत्या डोळे पुसत म्हणाली, "हा तर कीर्तनातला पेटीवाला! बुवा कुठेही भरकटोत, याने सूर म्हणून सोडायचा नाही." पोरांना यातले अक्षर कळले नाही. पण आजी नेमकी आपल्याच जागी हसते, हे त्यांना कळले. धाकटा सरकला आणि सतरंजीवर तिला जागा झाली.

भाषेच्या बाबतीत हा किनारा मोठा नवलाचा. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई. पोर्तुगीज 1740 साली इथून गेले, पण त्यांच्या भाषेतून घडलेली बोली तिथली ख्रिस्ती कुटुंबे अजून घरात बोलतात. कोळ्यांची बोली निराळी, आगऱ्यांची निराळी. अशा मुलखाला मुका चित्रपट किती सोयीचा! आणि निर्जीव वस्तूंना पडद्यावर नाचवण्याची कला तर आपल्याकडे फार लवकर आली. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधीच वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र टिपून पडद्यावर दाखवली होती, आणि 1915 च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' काढून काड्यांना नाचायला लावले. त्या काड्यांचा नाच आज पाहायला मिळत नाही, याची मला नेहमी हळहळ वाटते.

1931 मध्ये 'आलम आरा' आला, चित्रपटाला वाचा फुटली, आणि प्रेक्षक भाषाभाषांत वाटला गेला. दुसऱ्याच वर्षी 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत असा दोनदा काढावा लागला. तिकडे अमेरिकेत हॅना आणि बार्बेरा या जोडीने 1940 साली, बोलपट भरात असताना, हे जवळजवळ मुके मांजर-उंदीर काढले. 1958 पर्यंत 114 चित्रे झाली. त्यांपैकी सातांना ऑस्कर मिळाले. टॉमची ती प्रसिद्ध किंकाळी खुद्द हॅनाची, आणि पावलापावलाला साथ करणारे संगीत स्कॉट ब्रॅडलीचे.

टॉम तसा दुष्टच. तरी आपला जीव त्याच्यासाठी हळहळतो, कारण त्याला आपली बाजू मांडता येत नाही. मार खावा आणि आपल्याकडे पाहावे, एवढेच त्याच्या हाती. 1992 च्या मोठ्या चित्रपटात दोघांना बोलायला आणि गायला लावले, मैत्रीही करून दिली. माझ्या मते तिथेच सगळे बिघडले. ज्याला तक्रार सांगता येते, त्याची कीव कोण करणार?

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. धाकटा नातू ओटीवर पाट पुढ्यात घेऊन डोळे मिटून पियानो वाजवीत होता. आत्या शेजारी बसली होती आणि मधूनच पाटाखालून टकटक करून उंदीर होत होती. चकलीचे ताट रिकामे होते.