घरच्या राउटरचे फर्मवेअर अपडेट : आधीची तयारी, प्रत्यक्ष काम आणि नंतरच्या अडचणी

वाय-फाय नीट चालू असेपर्यंत घरातल्या राउटरकडे कोणी ढुंकून पाहत नाही. मोबाइल आणि संगणक आपण वेळोवेळी अपडेट करतो, पण राउटर बसवला त्या दिवशी होता तसाच वर्षानुवर्षे चालू राहतो. बँकेचे व्यवहार, परगावच्या मुलांचे व्हिडिओ कॉल, नातवंडांचे ऑनलाइन वर्ग हे सगळे त्याच एका डब्यातून जाते. म्हणून त्याचे फर्मवेअर अद्ययावत ठेवणे गरजेचे आहे. हे काम अवघड नाही, मात्र घाईत केल्यास घरचे इंटरनेट दोन-तीन दिवस बंद पडू शकते. यातले निम्म्याहून जास्त काम ‘अपडेट’चे बटण दाबण्यापूर्वीचे असते, हे सभासदांनी लक्षात ठेवावे.

फर्मवेअर म्हणजे काय?

राउटर हा एक छोटा संगणकच आहे. तो चालवणारी जी प्रणाली त्याच्या आतल्या मेमरीत कायमची साठवलेली असते, तिला फर्मवेअर म्हणतात. त्यात त्रुटी सापडल्या की उत्पादक कंपनी सुधारित आवृत्ती काढते.

या त्रुटींचा गैरफायदा प्रत्यक्षात घेतला गेला आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने मूळचा पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जोरावर झालेल्या हल्ल्यात ट्विटरसारखी मोठी संकेतस्थळे काही तास उघडत नव्हती. २०१८ च्या मे महिन्यात उघडकीस आलेल्या ‘व्हीपीएनफिल्टर’ने ५४ देशांतली किमान ५ लाख उपकरणे बाधित केली होती. त्यांत घरगुती राउटर मोठ्या संख्येने होते. राउटरची डीएनएस सेटिंग गुपचूप बदलून माणसाला बँकेच्या खोट्या पानावर नेणे, हाही जुना प्रकार आहे. वाय-फाय चालू आहे म्हणजे राउटर निर्धोक आहे, असे धरून चालू नये.

आधी पाहा : राउटर कोणाचा आहे?

१. इंटरनेट कंपनीने दिलेला : जिओ, एअरटेल यांसारख्या कंपन्या फायबरच्या जोडणीबरोबर स्वतःचा डबा देतात. त्याचे फर्मवेअर कंपनी सहसा दुरूनच बदलते. अशा डब्यात बाहेरून मिळवलेली फाइल कधीही घालू नये. शंका असल्यास ग्राहक सेवेला विचारावे.

२. स्वतः विकत घेतलेला : टीपी-लिंक, डी-लिंक, आसुस, नेटगिअर इत्यादी. यांचे अपडेट आपल्यालाच करावे लागते. पुढची माहिती मुख्यतः यांच्यासाठी आहे.

अनेक घरांत दोन्ही असतात. भिंतीवर कंपनीचा फायबरचा डबा आणि टेबलावर आपला राउटर. अपडेट करायचे ते फक्त आपल्या राउटरचे.

तयारी

*मॉडेल आणि हार्डवेअर आवृत्ती लिहून घ्या.* राउटर उलटा केला की खालच्या चिकटपट्टीवर मॉडेलचे नाव आणि त्याच्याजवळ ‘व्ही’ अक्षराने सुरू होणारा आवृत्ती क्रमांक दिसतो. मॉडेल एकच असले तरी आतील भाग वेगळे असू शकतात. आपल्याकडे खूप खपलेल्या टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूआर८४१एन या मॉडेलच्या दहाहून अधिक हार्डवेअर आवृत्त्या निघाल्या आणि एकीची फाइल दुसरीला चालत नाही. चुकीची फाइल हे राउटर कायमचा बंद पडण्याचे एक मुख्य कारण आहे.

*फाइल उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून घ्या.* भारतासाठीचे पान निवडावे, कारण देशागणिक फर्मवेअर वेगळे असू शकते. फाइल बहुधा झिप स्वरूपात येते. ती आधी उघडून आतली बिन फाइल वेगळी काढावी. सोबतची सूचनापत्रिका वाचावी. काही वेळा आधी मधली एखादी आवृत्ती घालावी लागते.

*सध्याच्या सेटिंग टिपून घ्या.* अपडेटनंतर काही राउटर सर्व सेटिंग पुसून टाकतात. म्हणून पुढील गोष्टी कागदावर लिहा किंवा त्या पानांचे मोबाइलने फोटो काढा :

- जोडणीचा प्रकार. बीएसएनएल आणि बरेच स्थानिक केबलवाले पीपीपीओई वापरतात. त्याचे युजरनेम आणि पासवर्ड
- व्हीलॅन क्रमांक भरलेला असल्यास तो
- वाय-फायचे नाव आणि पासवर्ड
- कॅमेरा, प्रिंटर यांच्यासाठी केलेल्या खास सेटिंग

पीपीपीओईचा पासवर्ड पडद्यावर ठिपक्यांत दिसतो आणि बऱ्याच घरी तो कोणालाच माहीत नसतो. तो इंटरनेट चालू असतानाच केबलवाल्याकडून मागून घ्यावा. राउटरमध्ये ‘बॅकअप’ची सोय असेल तर ती फाइलही जपावी. मात्र नव्या आवृत्तीत जुना बॅकअप चालेलच असे नाही, म्हणून कागद हवाच.

*वीज.* अपडेटच्या मधोमध वीज गेली तर जुने फर्मवेअर अर्धे पुसलेले आणि नवे अर्धेच लिहिलेले अशी अवस्था होते. इन्व्हर्टर किंवा राउटरचा छोटा यूपीएस असेल तर त्यावर जोडावे. नसेल तर पावसाळी वादळाची संध्याकाळ किंवा भर उन्हाळ्याची दुपार टाळावी.

*वेळ.* घरात कोणाची परीक्षा, ऑनलाइन मुलाखत किंवा डॉक्टरांशी व्हिडिओ भेट ठरली असेल त्या दिवशी हे काम काढू नये. केबलवाला फोन उचलेल अशी सुट्टी नसलेल्या दिवसाची सकाळ उत्तम.

प्रत्यक्ष अपडेट

१. संगणक राउटरला लॅन केबलने जोडा. वाय-फायवरून फाइल पाठवताना जोडणी तुटण्याचा धोका असतो.

२. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता इंग्रजी अंकांत टाका. बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो आणि चिकटपट्टीवर छापलेला असतो.

३. ‘सिस्टिम टूल्स’ किंवा ‘ॲडमिनिस्ट्रेशन’ या विभागात ‘फर्मवेअर अपग्रेड’ शोधा. तिथे दिसणारी सध्याची आवृत्ती लिहून ठेवा.

४. बिन फाइल निवडून अपग्रेड सुरू करा. नव्या राउटरमध्ये स्वतःच अपडेट शोधण्याची सोय असते. ती असेल तर तीच वापरावी, म्हणजे चुकीच्या फाइलचा प्रश्न येत नाही.

५. आता हात मागे. राउटर काही मिनिटांत स्वतः बंद होऊन पुन्हा सुरू होईल. पडदा थांबल्यासारखा वाटला तरी किमान १० मिनिटे वायर, बटण, ब्राउझर कशालाही हात लावू नये.

लगेच करायची तपासणी

नवी आवृत्ती दिसते का ते पाहा. राउटरचा ॲडमिन पासवर्ड मूळचाच असेल तर बदला. हा वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. ‘रिमोट मॅनेजमेंट’ आणि ‘डब्ल्यूपीएस’ गरज नसल्यास बंद ठेवा. सेटिंग पुसल्या गेल्या असतील तर वाय-फायचे नाव आणि पासवर्ड अक्षरशः पूर्वीचेच द्या. मग टीव्ही, मोबाइल, प्रिंटर आपोआप जोडले जातात आणि घरभर फिरून प्रत्येक यंत्रात पासवर्ड भरावा लागत नाही.

अडचणी आणि उपाय

*वाय-फाय दिसते, पण इंटरनेट नाही.* आधी फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही बंद करा. फायबरचा डबा सुरू करून दोन मिनिटे थांबा, मग राउटर सुरू करा. तरीही नसेल तर पीपीपीओईची माहिती आणि व्हीलॅन पुन्हा भरा. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा असेल तर बिघाड फायबरच्या तारेत आहे, राउटरचा दोष नाही. काही केबलवाले जोडणी ठरावीक मॅक पत्त्याशी बांधतात. तो बदलला असेल तर त्यांनाच मोकळा करायला सांगावे लागते.

*काही संकेतस्थळे उघडतात, काही अडकतात.* पीपीपीओईसाठी एमटीयू १४९२ लागतो. तो १५०० झाला असेल तर बदला. डीएनएसचे पत्तेही तपासा.

*जुना मोबाइल किंवा प्रिंटर जोडला जात नाही.* नव्या फर्मवेअरने सुरक्षा डब्ल्यूपीए-३ वर नेली असेल. डब्ल्यूपीए-२ आणि ३ असा मिश्र पर्याय निवडा. सुरक्षा पूर्ण काढून टाकू नका. प्रिंटर आणि स्मार्ट प्लग यांना बहुधा २.४ गिगाहर्ट्झचाच पट्टा चालतो, तो चालू आहे का पाहा.

*मुलांसाठी लावलेली वेळमर्यादा चुकते.* राउटरचे घड्याळ बदललेले असते. वेळेचा विभाग ‘+५:३०’ करा.

*वारंवार जोडणी तुटते.* मागचे छोटे रिसेट बटण टाचणीने सुमारे १० सेकंद दाबून सर्व सेटिंग पुसा आणि टिपलेल्या कागदावरून नव्याने भरा. जुन्या आवृत्तीच्या उरलेल्या सेटिंगमुळे असे होऊ शकते. मात्र तो कागद हाताशी असल्याशिवाय रिसेट करू नये.

*दिवे लुकलुकत राहतात आणि पत्ताच उघडत नाही.* अर्धा तास थांबा, मग एकदा बंद-चालू करा, मग रिसेट करा. तरीही नाहीच, तर काही कंपन्यांच्या राउटरमध्ये ‘रिकव्हरी’ची सोय असते. त्याची पद्धत मॉडेलप्रमाणे वेगळी असल्याने उत्पादकाच्या संकेतस्थळावरील सूचना शब्दशः पाळाव्यात. वॉरंटी असेल तर आधी सेवा केंद्र गाठावे.

परगावी राहणाऱ्या मुलांसाठी

पुण्याहून, बंगळुरूहून किंवा परदेशातून ॲपद्वारे आईवडिलांच्या राउटरचे अपडेट करता येते, पण शक्यतो करू नये. ते फसले तर ज्या जोडणीवरून मदत करायची तीच बंद झालेली असते आणि घरी एकटी वयस्कर माणसे राहतात. दिवाळीला किंवा सुट्टीत घरी याल तेव्हा समोर बसून करा. मधल्या काळात ॲडमिन पासवर्ड बदलून घेणे आणि रिमोट मॅनेजमेंट बंद करणे एवढे मात्र फोनवरून नक्की समजावता येते.

किती वेळा?

दर तीन-चार महिन्यांनी नवी आवृत्ती आली का ते पाहणे पुरेसे आहे. उत्पादकाने आपल्या मॉडेलसाठी अपडेट काढणे बंद केल्याचे जाहीर केले असेल, तर तो राउटर चालत असला तरी बदलण्याची वेळ झाली असे समजावे. खात्यातून पैसे गेल्याचा संशय आल्यास राउटर तपासत बसू नये. आधी बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला कळवावे.

सेटिंग लिहिलेला कागद वीजबिलांच्या फाइलमध्ये ठेवावा आणि घरातल्या किमान दोघांना तो कुठे आहे हे माहीत असावे.