लिंगभेद, अध्ययन व विकासातील

मुलगे आणि मुली यांची शारीरिक वाढ, भाषा, गणित, अवकाशीय कौशल्ये व शालेय कामगिरी यांत आढळणारे फरक. हे फरक दोन गटांच्या सरासरींतले असतात. त्यांवरून समोरच्या एका मुलाला किंवा मुलीला काय जमेल, हे सांगता येत नाही.

मुली मुलग्यांपेक्षा साधारण एक ते दोन वर्षे आधी वयात येतात; सहावी-सातवीच्या वर्गात त्या उंच दिसतात त्या यामुळेच. बोलायला लागण्यातही त्या किंचित पुढे असतात. अडखळत बोलणे, वाचन-अक्षमता आणि स्वमग्नता यांचे निदान मुलग्यांत अधिक होते. यातला काही भाग निदानाच्या सवयीचाही आहे: वर्ग डोक्यावर घेणारा मुलगा शिक्षकांच्या लगेच नजरेत भरतो, गप्प बसून भरकटणारी मुलगी निसटते.

या विषयावरचे संशोधन बारकाईने चाळणीतून काढले ते एलिनॉर मॅकोबी व कॅरल जॅकलिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी, १९७४ मध्ये. मुली पाठांतरात हुशार आणि मुलगे विश्लेषणात, हा समज त्यांनी निराधार ठरवला. आपल्याकडच्या पालकसभांतून तो अजून गेलेला नाही, हे वेगळे सांगायला नको. भाषिक, अवकाशीय व गणिती क्षमता आणि आक्रमकता या चारच बाबतींत त्यांना बऱ्यापैकी पुरावा दिसला. पुढे जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये ४६ महाविश्लेषणांचा (अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून केलेल्या विश्लेषणांचा) आढावा घेतला, तेव्हा ७८ टक्के फरक अल्प किंवा नगण्य निघाले. वाचनातले अंतर मात्र ठळक आहे. २०१८ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत ओईसीडी या संघटनेच्या सदस्य देशांतील पंधरा वर्षांच्या मुली वाचनात सरासरी ३० गुणांनी पुढे होत्या. गणितात मुलगे पुढे होते, पण अवघ्या ५ गुणांनी.

बौद्धिक कौशल्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत वादग्रस्त फरक अवकाशीय क्षमतेचा. घनाकृती ठोकळ्यांची दोन चित्रे दाखवून, एक मनातल्या मनात फिरवल्यास दुसऱ्याशी जुळेल का, असे विचारतात. १९७१ मध्ये रॉजर शेपर्ड व जॅकलिन मेट्झलर यांच्या प्रयोगातून पुढे आलेल्या या प्रकारच्या चाचण्यांत पुरुषांची सरासरी सातत्याने वरचढ येते. हे जन्मजात असावे, असे अनेक जण धरूनच चालले. २०११ मध्ये मोशे हॉफमन, उरी ग्नीझी व जॉन लिस्ट यांनी ईशान्य भारतातील शेजारी राहणाऱ्या दोन जमातींची तुलना प्रसिद्ध केली. चार तुकडे जुळवून घोड्याचे चित्र पुरे करायचे, एवढेच काम होते. पितृवंशीय कार्बींमध्ये पुरुषांना स्त्रियांपेक्षा ३६ टक्के कमी वेळ लागला. धाकट्या मुलीकडे वारसा जाणाऱ्या मातृवंशीय खासींमध्ये फरकच दिसला नाही. स्त्री-पुरुषांच्या शिक्षणातली तफावत हे दोन जमातींतल्या या वेगळेपणामागचे एक कारण त्यांनी नोंदवले. एका कोड्यावर केवढा सिद्धान्त उभारायचा, हा प्रश्न उरतोच. पण हे कौशल्य सरावाने वाढते याला इतरही आधार आहे. भातुकली आणि ठोकळे यांची घराघरांत होणारी वाटणी इथे बिनमहत्त्वाची नाही.

स्वतःविषयीच्या समजुतीही लवकर घडतात. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिन बियान व सहकाऱ्यांच्या अभ्यासात पाच वर्षांची मुले-मुली आपापल्या गटाला ‘खूप खूप हुशार’ म्हणण्यात सारखीच होती. सहा-सात वर्षांच्या मुली मागे सरल्या. ‘खूप हुशार मुलांसाठी’ म्हणून मांडलेल्या खेळातला त्यांचा रस कमी झाला, ‘चिकाटीने प्रयत्न करणाऱ्यांसाठी’ असलेल्या खेळातला नाही. अशा समजुती पुस्तकांतल्या चित्रांतूनही घडू शकतात, म्हणून पाठ्यपुस्तकांचा विचार इथेच येतो. बालभारतीने २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या पुस्तकात स्त्री-पुरुष दोघेही भाजी निवडताना दाखवले.

मेंदूच्या रचनेतील फरकांचा दाखला देऊन मुलग्यांना व मुलींना वेगळ्या पद्धतीने, वेगळ्या वर्गांत शिकवावे, असा आग्रह विशेषतः अमेरिकेत धरला गेला. डायन हाल्पर्न व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्याला छद्मविज्ञान म्हटले: अशा वर्गांमुळे अभ्यास सुधारतो याचा भक्कम पुरावा नाही, उलट साचेबंद कल्पना घट्ट होतात.