मराठी याद्या आणि 'सॉर्ट'ची आज्ञा

मजकुराच्या ओळी ठरावीक क्रमाने लावणारी 'सॉर्ट' ही आज्ञा युनिक्स प्रणालीच्या १९७१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन यांनी ती लिहिली. लिनक्सवर आजही आज्ञा आणि फाइलचे नाव टंकले, की लावलेली यादी पडद्यावर येते. मूळ फाइल तशीच राहते. मात्र '>' चिन्हाने उत्तर त्याच फाइलीत वळवल्यास काम सुरू होण्याआधीच ती रिकामी होते. अनेकांनी हा धडा महागात घेतला आहे. त्यासाठी 'ओ' हा पर्याय वापरावा.

जालना जिल्ह्यातील आठ तालुके आणि भोकरदन तालुक्यातील हसनाबाद ही नावे दिली, तर अंबड आरंभी व हसनाबाद अखेरीस येते. क्रम बिनचूक असतो. गडबड होते ती आडनावांत. 'सी' ही भाषाव्यवस्था निवडलेली असता सॉर्ट केवळ युनिकोडमधील अनुक्रमांक पाहते. तेथे 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे आहे. म्हणून काळे, कावळे, कासार असा क्रम लागतो. वर्णमालेप्रमाणे 'ळ' हा 'ह'नंतर येतो, तेव्हा काळे शेवटी हवेत. क्षीरसागर 'क'मध्ये जातात. (काही कोशही 'क्ष' तेथेच ठेवतात, हे खरे.) 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले आणि त्याला 'ह'च्या पुष्कळ पुढची जागा मिळाली, परिणामी 'ॲड.' लावलेले सर्व वकील हसनाबादच्याही खाली उतरतात.

अंकांचे तसेच. संख्येनुसार लावणारा 'एन' हा पर्याय देवनागरी अंक ओळखतच नाही. २ च्या आधी १० येतो.

उपाय स्वतःचे छोटे साधन बनवण्याचा. प्रत्येक ओळीची एक प्रत करून तिच्यात 'ळ', 'क्ष', 'ज्ञ' यांच्या जागी 'ह'च्या लगतच्या, रोजच्या मराठीत न लागणाऱ्या तीन खुणा घालाव्यात, 'ॲ'ऐवजी 'ए'जवळची खूण आणि देवनागरी अंकांऐवजी इंग्रजी अंक घालावेत. ही प्रत टॅब देऊन मूळ ओळीच्या पुढे जोडावी, 'सी' व्यवस्थेत सॉर्ट करावे आणि शेवटी 'कट' आज्ञेने प्रत काढून टाकावी. 'सेड', 'सॉर्ट' व 'कट' या तीन आज्ञा नळीने जोडल्या की साधन तयार होते. खुणा वर्णमालेच्या अगदी शेवटी ठेवल्या, तर मात्र 'कळस' हा 'काम'च्या मागे पडतो. त्या 'ह' आणि काना यांच्या मधेच हव्यात.

दुहेरी नोंदी गाळणाऱ्या 'यू' पर्यायावरही विसंबता येत नाही. 'कऱ्हाड'मधील अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, सॉर्टला ती दोन गावे वाटतात. म्हणून लेखन एकसारखे करण्याचे काम सेडने आधीच उरकावे लागते.