सॅकरिन : साखरेला पर्याय, पण कोणासाठी?

१/ साखर सोडायचे ठरले की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो : तिच्या जागी काय? हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना आहे आणि त्याचे उत्तर दर वेळी आरोग्याकडे पाहूनच दिले गेले, असे नाही. कधी ते साखर कारखानदारांनी ठरवले, कधी युद्धांनी, तर कधी प्रयोगशाळेतील उंदरांनी. सॅकरिनचा प्रवास पाहिला की हे स्पष्ट होते. (थ्रेड)

२/ बाल्टिमोर, १८७९. रसायनतज्ज्ञ कॉन्स्टन्टिन फालबर्ग यांना एका आयात कंपनीने साखरेची शुद्धता तपासण्यासाठी अमेरिकेत आणले होते. पुढे ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, प्राध्यापक आयरा रेम्सन यांच्या प्रयोगशाळेत, दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या संयुगांवर काम करू लागले.

३/ एका संध्याकाळी जेवताना त्यांना पाव विलक्षण गोड लागला. गोडी पावाची नव्हती, न धुतलेल्या बोटांची होती. प्रयोगशाळेत परतून त्यांनी टेबलावरच्या भांड्यांतील द्रव्ये चाखली आणि गोडीचे मूळ शोधून काढले. हा पदार्थ साखरेच्या सुमारे ३०० ते ५०० पट गोड होता. शरीराला त्यापासून ऊर्जा मिळत नाही. तो बहुतांशी जसाच्या तसा मूत्रावाटे बाहेर पडतो.

४/ असे योगायोग पुढेही घडले. १९३७ मध्ये सायक्लामेट सापडले ते प्रयोगशाळेत ओढलेल्या सिगारेटच्या गोड चवीमुळे. १९६५ मध्ये अ‍ॅस्पार्टेम सापडले ते कागद उचलण्यासाठी बोट चाटल्यामुळे. १९७६ मध्ये लंडनमध्ये शशिकांत फडणीस यांना एक संयुग ‘तपासा’ असे सांगण्यात आले. त्यांनी ‘चाखा’ असे ऐकले, आणि सुक्रालोज हाती लागले. देवनागरीत हे दोन्ही इंग्रजी शब्द ‘टेस्ट’ असेच लिहिले जातात!

५/ फालबर्ग यांनी रेम्सन यांना वगळून पेटंट घेतले आणि जर्मनीत माग्डेबुर्गजवळ कारखाना काढला. रेम्सन यांना हे जिव्हारी लागले. सॅकरिनचे ग्राहक मात्र दोन प्रकारचे होते. एक, मधुमेही. रुग्णाला इन्सुलिन प्रथम दिले गेले ते १९२२ मध्ये. तोवर पथ्य हाच मुख्य आधार होता. दुसरे, महाग साखर वाचवू पाहणारे सरबत, मुरंबे आणि डबाबंद पदार्थांचे उत्पादक.

६/ या दुसऱ्या ग्राहकांमुळे जर्मनीतील बीट-साखर उद्योग अस्वस्थ झाला. सरकारलाही साखरेवरील कर बुडण्याची चिंता होती. १९०२ च्या कायद्याने सॅकरिन औषधांच्या दुकानांपुरते मर्यादित झाले. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये त्याची विक्री खुली होती. परिणामी सीमेवर सॅकरिनची तस्करी फोफावली. पहिल्या महायुद्धात साखर दुर्मीळ होताच हेच निर्बंध सैल झाले. पदार्थ तोच, गरज बदललेली.

७/ अमेरिकेत १९०६ मध्ये शुद्ध अन्न व औषध कायदा झाला. तो राबवणारे रसायनतज्ज्ञ हार्वी वायली यांनी १९०८ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यासमोर सॅकरिनविरुद्ध बाजू मांडली. डबाबंद मक्यात ते घालणे ही ग्राहकाची फसवणूक आहे, शिवाय ते आरोग्यास घातक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. रूझवेल्ट संतापले, त्यांचे स्वतःचे डॉक्टर त्यांना रोज सॅकरिन देत होते.

८/ रूझवेल्ट यांनी तज्ज्ञांचे मंडळ नेमले. अध्यक्ष कोण? तेच आयरा रेम्सन. अल्प प्रमाणातील सॅकरिन निरुपद्रवी, दिवसाला ०.३ ग्रॅमपेक्षा अधिक दीर्घकाळ घेतल्यास पचनाचा त्रास संभवतो, असा मंडळाचा निष्कर्ष होता. तरीही १९१२ पासून सर्वसाधारण खाद्यपदार्थांत त्यावर बंदी आली. प्रमुख कारण असे की, साखरेत पोषणमूल्य आहे, सॅकरिनमध्ये नाही. म्हणजे ती भेसळ ठरते.

९/ येथे क्षणभर थांबावे. ज्या कारणासाठी १९१२ मध्ये सॅकरिन दोषी ठरले, तेच अर्धशतकानंतर त्याचे वैभव ठरले. उष्मांक नसणे हा पूर्वी दोष होता. सडपातळ होण्याच्या ध्यासात तो गुण झाला. १९६९ मध्ये अमेरिकेने सायक्लामेटवर बंदी घातली आणि तेथील बाजारात कृत्रिम गोडीसाठी एकटे सॅकरिन उरले.

१०/ १९७७ मध्ये कॅनडातील प्रयोगात, आहाराच्या ५ टक्के सॅकरिन दिलेल्या नर उंदरांना मूत्राशयाचा कर्करोग झाल्याचे आढळले. प्राण्यांत कर्करोग घडवणारे कोणतेही द्रव्य अन्नात मिसळता येणार नाही, असा अमेरिकेत १९५८ पासून कायदा होता. बंदीचा प्रस्ताव आला. मधुमेही आणि वजनाची काळजी करणाऱ्या नागरिकांनी पत्रांचा पाऊस पाडला. अखेर काँग्रेसने बंदी रोखली आणि पाकिटावर इशारा छापण्याची सक्ती केली.

११/ पुढील संशोधनात उलगडा झाला. नर उंदरांच्या मूत्राची रासायनिक घडण अशी की, भरपूर सॅकरिन दिल्यास त्यात सूक्ष्म स्फटिक तयार होतात आणि मूत्राशयाच्या अस्तराला इजा करतात. माणसात ही प्रक्रिया घडत नाही. २००० मध्ये अमेरिकी सरकारने सॅकरिनला संभाव्य कर्करोगकारकांच्या यादीतून वगळले आणि तो इशाराही गेला.

१२/ म्हणजे सॅकरिन आरोग्यदायी ठरले का? तसे म्हणता येणार नाही. ‘विषारी नाही’ आणि ‘हितकारक आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन नियंत्रणासाठी अशा गोड पर्यायांचा वापर करू नये, अशी शिफारस केली. दीर्घकालीन लाभाचा पुरावा तिला आढळला नाही. आधीपासून मधुमेह असलेल्यांना मात्र ही शिफारस लागू नाही. शंभर वर्षांपूर्वीचे ते दोन ग्राहक आजही वेगळेच आहेत.

१३/ म्हणून पर्याय निवडताना या इतिहासाने शिकवलेले तीन प्रश्न विचारावेत. कोणासाठी? किती प्रमाणात? आणि ‘सुरक्षित’ किंवा ‘घातक’ असे सांगणाऱ्याचा त्यात काय लाभ? ‘शुगर-फ्री’ मिठाईतून साखर गेली तरी तूप आणि खवा तेथेच असतो. पाकिटावरचे दोन शब्द खरे असूनही अपुरे असू शकतात. वायलींचे भांडण मुळात त्यासाठीच होते.