मराठी शाळेतील विषयपरिभाषा आणि विद्यार्थ्याचे शब्दज्ञान : एक ऐतिहासिक विचार

माध्यमिक शाळेच्या पहिल्या दोन-तीन इयत्तांतील विद्यार्थी व्याकरणाच्या तासाला 'धातू' म्हणजे क्रियापदाचे मूळ रूप असे शिकतो. लगेच पुढच्या तासाला विज्ञानाचे शिक्षक त्यालाच 'धातू' म्हणजे लोखंड, तांबे इत्यादी पदार्थ असे सांगतात. दोन्ही शिक्षक आपापल्या ठिकाणी बरोबर असतात. परंतु हा शब्द दुसऱ्या तासाला निराळ्या अर्थाने येऊन गेला आहे, याची दखल बहुधा दोघेही घेत नाहीत. 'वर्ग', 'मूळ', 'पद', 'घन', 'गुण' आणि 'कंस' यांची स्थिती याहून वेगळी नाही. कंस तर गोष्टीत कृष्णाचा मामा, अंकगणितात चिन्ह आणि भूमितीत वर्तुळाचा भाग असा तिहेरी भेटतो. ही अडचण केवळ अध्यापनपद्धतीतील उणिवेमुळे उद्भवली, असे समजले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते तिचे कारण आपल्या शालेय परिभाषेच्या जन्मकथेत शोधावयास हवे.

इंग्रजी अमदानीपूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत विषय असे वेगळे नव्हतेच. धूळपाटीवर अक्षरे गिरवावयाची, मोडी वाचावयाची आणि हिशेब करावयाचा, एवढाच अभ्यास असे. तेथील शब्द बाजारातील व दप्तरातील शब्दांहून भिन्न नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मुले एका सुरात म्हणत. औट म्हणजे साडेतीन. संस्कृत 'अर्धचतुर्थ' यापासून प्राकृताच्या वाटेने आलेला हा शब्द आज 'औट घटकेचे राज्य' या वाक्प्रचारापुरताच उरला आहे. पाठांतर रूक्ष होते आणि छडीही होती, हे मान्य केले पाहिजे. तरी शब्द आधी व्यवहारात ऐकावयाचा आणि मग शाळेत घोकावयाचा, हा क्रम तेथे सहज साधला होता.

हा क्रम १८२२ नंतर पालटला. मुंबईस त्या वर्षी देशी भाषांतील शालेय पुस्तके तयार करणारी व शाळा चालविणारी संस्था उभी राहिली आणि १८२७ पासून ती 'बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने हटनच्या ग्रंथाच्या आधारे गणिताची मराठी पुस्तके सिद्ध केली. शास्त्र्यांनी रचलेला 'महाराष्ट्र भाषेचा कोश' १८२९ मध्ये व मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे कोश आणि क्रमिक पुस्तके जवळजवळ एकाच वेळी, एकाच प्रकारच्या विद्वानांच्या हातून घडत होती. या विद्वानांपुढे 'लीलावती' होती. अंश, छेद, समच्छेद, त्रैराशिक हे शब्द त्यांना भास्कराचार्यांकडून आयते मिळाले. दप्तरी व्यवहारातील शब्द मात्र त्यांनाही हटविता आले नाहीत. संकलन व व्यवकलन पोथीत राहिली आणि शाळेत फार्सी वळणाची बेरीज व वजाबाकी टिकली. गुणाकार व भागाकार तेवढे संस्कृत कुळीचे. चार प्राथमिक क्रियांच्या नावांतच दोन परंपरांचा असा संगम झालेला आहे.

भूमितीच्या परिभाषेकडे पाहिले म्हणजे हा प्रकार अधिक स्पष्ट होतो. वर्तुळाच्या मध्यापासून परिघापर्यंतच्या अंतरास आपण 'त्रिज्या' म्हणतो. चौकस विद्यार्थी विचारतो, यात तीन कोठे आहेत? प्रश्न अगदी रास्त आहे. 'ज्या' म्हणजे धनुष्याची दोरी. ज्योतिषगणितात कोनाच्या अर्ध्या दोरीस ती संज्ञा लाभली. राशिचक्रातील एक राशी तीस अंशांची, तेव्हा तीन राशींची, म्हणजे नव्वद अंशांची, ज्या ती त्रिज्या. आणि ती वर्तुळाच्या मध्यापासून परिघापर्यंतच्या अंतराइतकीच असते. ज्योतिषाचा संदर्भ सुटला आणि शब्द तेवढा शाळेत आला. याच्या उलट उदाहरण 'गुण्या'चे. कंपासपेटीतील हे त्रिकोणी साधन गवंडी व सुतार यांच्या हत्यारांतून आले असून तो शब्द फार्सी आहे. 'लंब' संस्कृत असला तरी त्याचा सगासोयरा 'ओळंबा' गवंड्याच्या हातात आजही लोंबत असतो. भिंतीशी ओळंबा धरून दाखविला तर लंबाची व्याख्या निम्मी समजावून झालीच. त्रिज्येला असा आधार नाही. तिचा इतिहासच सांगावा लागतो, आणि तो सांगावयास पाच मिनिटे पुरतात.

संज्ञा कशी शिकवावी, याचा विचार त्या पिढीने केलाच नव्हता असे मात्र नव्हे. हरि केशवजी यांनी १८३३ मध्ये पदार्थविज्ञानावर आणि १८३७ मध्ये रसायनशास्त्रावर जी पुस्तके मराठीत आणली, ती संवादरूप आहेत. संवादात विद्यार्थ्याला अडखळण्याची मुभा असते. नवा शब्द येताच तो विचारू शकतो आणि उत्तर मिळेपर्यंत विषय पुढे सरकत नाही. दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ च्या व्याकरणाने भाषाविषयाच्या संज्ञा स्थिर केल्या. बाळशास्त्री जांभेकर यांनी उच्च गणितातील एका शाखेस 'शून्यलब्धि' असे नाव योजिले. ते टिकले नाही. आज तेथे 'विकलन' रूढ आहे. जुने नाव निदान काय साधावयाचे ते सुचवीत होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते; अर्थात याविषयी मतभेद संभवतो.

१८५५ मध्ये सरकारी शिक्षणखाते सुरू झाल्यावर पुस्तकांच्या भाषेवर मेजर कँडी यांची देखरेख आली. भाषेस एकसारखेपणा लाभला; तिच्यातील इंग्रजी वळणाविषयी तक्रारीही पुष्कळ झाल्या. परिभाषेच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे निवेदन १८८२ चे. हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात मोडी, बालबोध व हिशेब यांच्या जोडीने शेतीचे ज्ञान असावे, अशी मागणी केली. ती पुरेशी अमलात आली असती तर कुळव, पाभर, वाफसा हे शब्द शास्त्राच्या पुस्तकात मानाने बसले असते.

विसाव्या शतकात कार्याचे स्वरूप बदलले. माध्यमिक शिक्षण मराठीतून देण्याकडे कल झाला, तसा इंग्रजी संज्ञेस मराठी पर्याय देणे हेच मुख्य काम ठरले. दाते-कर्वे यांचा 'शास्त्रीय परिभाषा कोश' १९४८ चा. पुढे १९६० मध्ये राज्याचे भाषा संचालनालय व १९६१ मध्ये केंद्राचा परिभाषा आयोग स्थापन झाला. या कार्याची थोरवी नाकारण्याचा हेतू नाही. पण प्रत्येक विषयाची समिती वेगळी आणि तिची नजर इंग्रजी संज्ञेवर. 'धातू' दोन विषयांत आहे, हे पाहण्याचे काम कोणाचेच नव्हते. १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळ निर्माण झाले, तेव्हा सर्व विषयांची पुस्तके एका छपराखाली आली. विषयवार समित्यांची पद्धत मात्र तेथेही राहिली.

शब्दाच्या सोयीचा प्रश्न विद्यार्थ्याच्या बाजूने मांडला गेल्याचे अलीकडील ठळक उदाहरण २०१९ चे आहे. ते दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाचे असले, तरी येथे अप्रस्तुत नाही. 'एकवीस' म्हणताना एकक आधी उच्चारावयाचा आणि लिहिताना दशक आधी लिहावयाचा, यामुळे मुले गोंधळतात, म्हणून 'वीस एक' अशी वाचनपद्धती त्या पुस्तकात आली. तीवर वृत्तपत्रांपासून विधिमंडळापर्यंत मोठा वाद झाला. भाषेचे सौंदर्य, परंपरा आणि विनोद यांस त्या वादात भरपूर जागा मिळाली. आकडा उलटा लिहिणाऱ्या मुलाची पाटी मात्र फार थोड्यांनी पाहिली.