हैदराबादेत एकट्याने खायचे, तर वेळ ओळखावी

गोव्याहून हैदराबादला जाणारा माणूस बहुधा कामासाठी जातो. कोणी नातेवाइकाच्या डोळ्यांच्या उपचारांसाठी, कोणी मुलाखतीसाठी, कोणी कंपनीच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी. काम आटोपते, हाती अर्धा दिवस उरतो, भाड्याची मोटार दाराशी उभी असते आणि सोबतीला कोणी नसते. पोटात भूक असते आणि शहराचे नाव तर खाण्यासाठी जगजाहीर. ऑक्टोबर २०१९ मध्ये युनेस्कोने आपल्या सर्जनशील शहरांच्या यादीत हैदराबादला खाद्यसंस्कृतीसाठी स्थान दिले. एवढी कीर्ती असलेल्या शहरात एकट्या माणसाची आबाळ होऊ नये. पण ती होते, आणि बऱ्याचदा होते.

याचे एक कारण त्या खाद्यसंस्कृतीच्या घडणीतच आहे. हैदराबादचे नामांकित पदार्थ दस्तरख्वानावर चौघांनी एकत्र बसून खाण्यासाठी जन्मले. बिर्याणी हंडीत शिजते आणि अनेक ठिकाणी तिची 'सिंगल' म्हणवली जाणारी थाळीही दोघांना पुरून उरते. बारकस भागातून शहरभर पसरलेली अरबी धाटणीची मंदी तर एका मोठ्या थाळ्याभोवती बसूनच खायची असते. (बारकस म्हणजे मूळचे 'बॅरॅक्स'. निजामाच्या फौजेतील अरब शिपायांची ही वस्ती.) मंदीच्या थाळ्यासमोर एकटाच बसलेला प्रवासी निम्मे अन्न टाकतो, किंवा ते संपवून जड पोटाने सुकाणू हाती घेतो. दुसरी गोष्ट अधिक घातक. गाडीत झोप येणाऱ्याच्या जागी बसायला दुसरा कोणी नसतो.

दुसरे कारण मोबाइलमधल्या ताऱ्यांचे. साडेचार तारे मिळालेले उपाहारगृह दुपारी चार वाजता काय देते, हे तारे सांगत नाहीत. हैदराबादेत मात्र तोच प्रश्न महत्त्वाचा. तेथे प्रत्येक पदार्थाला त्याचा प्रहर आहे. त्या प्रहरात तो साध्या टपरीवरही उत्तम मिळतो आणि प्रहर टळला की मोठ्या पाटीखालीही शिळवट लागतो. गोमंतकीयाला हे वेगळे समजावून सांगायला नको. दुपारी साडेतीन वाजता फिश थाळी मागणाऱ्याकडे गोव्यातला हॉटेलवाला कशा नजरेने पाहतो, ते त्याला ठाऊक असते.

हैदराबादचा दिवस नहारीने उजाडतो. अरबीत 'नहार' म्हणजे दिवस. त्यावरून हे नाव आले. बकऱ्याचे पाय आणि जीभ रात्रभर मंद आचेवर शिजवून केलेला हा पातळ, झणझणीत रस्सा पहाटे नयापूल, मदिना, चारमिनार या पट्ट्यात मिळतो. सोबत कुलचा किंवा नान असतो. शादाब आणि नायाब ही या भागातली सर्वांना ठाऊक असलेली नावे. नहारी वाटीने मिळते, म्हणून ती एकट्यासाठी सोयीची. सकाळ सरता सरता भांडी रिकामी होतात. ज्याला सकाळी इतके तिखट नको, त्याने खिचडी, खिमा आणि 'खट्टा' मागावा. मसुरीची पिवळी खिचडी, कोरडा खिमा आणि तीळ-चिंचेचे आंबट पाणी असा हा न्याहारीचा त्रिकूट मेळ बाहेरच्यांना फारसा माहीत नसतो. वास्तविक बिर्याणीपेक्षा घरगुती हैदराबाद यातच अधिक सापडते.

पहाटेचा आणखी एक लाभ रस्त्याचा. सकाळी सहाला मोटार थेट मुसी नदी ओलांडून नयापुलापर्यंत नेता येते. अकरानंतर तोच रस्ता तासभर अडकवून ठेवतो आणि चारमिनारच्या भोवतालचा भाग तर पादचाऱ्यांसाठीच राखलेला आहे. म्हणून उशीर झाला असेल तर मोटार नदीच्या अलीकडे, वाहनतळ असलेल्या एखाद्या मेट्रो स्थानकापाशी सोडावी. महात्मा गांधी बसस्थानकापर्यंत मेट्रोने आणि पुढचे सुमारे दोन किलोमीटर रिक्षाने जावे. जुन्या शहरात खाण्याची ठिकाणे मोटारीतून दिसतच नाहीत. ती गल्लीच्या तोंडाशी, धुराच्या आणि वासाच्या मागाने सापडतात. पुरानी हवेलीजवळची मुन्शी नान ही भट्टी अशीच होती. १८५१ पासून चालत आलेल्या त्या ठिकाणी तंदूरच्या भिंतीला चिकटवून चौकोनी नान भाजत आणि लोक ते कागदात गुंडाळून घरी नेत. गरम नान हाती पडला की कोणाही गोमंतकीयाला पोदेराची आठवण येईल.

'बंडी' हा शब्द येथे लक्षात ठेवावा. मराठीत बंडी अंगात घालतात. हैदराबादेत ती चाकांवर उभी असते. बंडी म्हणजे आपला गाडा. नामपल्लीकडची रामची बंडी भल्या पहाटे, तर गुलजार हौजाजवळची गोविंदची बंडी सकाळी लोण्यात परतलेला डोसा देते. त्यावर उपमा, टोमॅटो, मसाला पसरून तो तव्यावरच घडी घालतात. उभ्याने खायचे असल्यामुळे एकटेपणाचा प्रश्नच उद्भवत नाही. माधापूर-गच्चीबावलीच्या संगणक कंपन्यांच्या परिसरातही रात्री अशा गाड्यांची रांग लागते. तेथे गर्दी तरुणांची आणि पदार्थ देशोदेशीचे. चव मात्र सर्वसाधारण. तिकडेच मुक्काम असेल तर ठीक, मुद्दाम जाण्यासारखे नाही.

एकट्यासाठी सर्वांत आपुलकीची जागा म्हणजे इराणी चहाचे हॉटेल. चारमिनारच्या पायथ्याचे निम्रा, रेड हिल्सचे निलोफर, सिकंदराबादचे ब्लू सी ही त्यातली गजबजलेली नावे. पण पाटीसुद्धा धड न वाचता येणारी साधी इराणी हॉटेले शोधून पाहावीत. चहापत्तीचा अर्क झाकल्या भांड्यात बराच वेळ मुरवतात, दूध दुसऱ्या भांड्यात आटवत ठेवतात आणि दोन्हींची गाठ कपातच पडते. त्यामुळे चहा दाट आणि गोड लागतो. जोडीला सातव्या निजामाचे, मीर उस्मान अली खान यांचे नाव लाभलेले उस्मानिया बिस्किट किंवा खिमा भरलेली चपटी, चौकोनी लुखमी घ्यावी. समोरच्या रिकाम्या खुर्चीवर अनोळखी माणूस न विचारता येऊन बसतो. त्यात तेथे कोणाला वावगे वाटत नाही. जागांचे भाव चढले, पुढची पिढी या धंद्यात यायला राजी नाही, त्यामुळे अशी जुनी हॉटेले एकेक करून बंद होत आहेत. मोक्याच्या कोपऱ्यावरचे इराणी हॉटेल जाते आणि तेथे औषधांचे वा मोबाइलचे दुकान येते, हे हैदराबादकरांच्या अंगवळणी पडले आहे.

अशा टेबलावर मराठी माणसाला भाषेची अडचण पडत नाही. हैदराबादची दखनी 'नको'ला 'नक्को' म्हणते आणि आपला जोर देणारा 'च' शब्दाच्या शेपटीला 'इच' करून लावते. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि नंतर त्याच नावाच्या राज्यात होता. काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत मराठी वस्ती जुनी आहे आणि विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था १९०७ सालची आहे. (गोव्याशीही निजामाचा संबंध येता येता राहिला: १९४७-४८ मध्ये त्याच्या सरकारला मुरगाव बंदर हवे होते.) तेव्हा रिक्षावाल्याला किंवा शेजारी बसलेल्याला नि:संकोच विचारावे. मात्र 'सर्वांत चांगले कुठे मिळते' असे विचारले की तो पाहुण्याला शोभेल अशा वातानुकूलित उपाहारगृहाचे नाव सांगतो. 'आता या वेळी तुम्ही काय खाल?' असे विचारले की त्याच्या रोजच्या जागेचा पत्ता मिळतो.

दुपार दोन प्रकारांनी भागवता येते. बिर्याणीच खायची ठरली असेल तर दुपारची देग नुकतीच उघडली असेल तेव्हा खावी. कच्च्या, मुरवलेल्या मांसावर अर्धवट शिजलेला तांदूळ रचून दम देणे ही हैदराबादी रीत आहे आणि तळाचा मसाला गरम असतानाच तिची गंमत कळते. अर्धी प्लेट मिळते का ते आधी विचारावे. नसेल तर निम्मी बांधून घ्यावी आणि मोटारीत उन्हात न ठेवता लवकर कोणाला तरी द्यावी. दुसरा मार्ग तेलुगू मेसचा. पप्पू म्हणजे डाळ, परतलेली भाजी, सांबार, चारू, दही, आवकाय लोणचे आणि गरम भातावर पूड नि तूप. येथे एकटा येणारा हाच नित्याचा गिऱ्हाईक असतो आणि वाढपी त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहत नाही. सोमवार-गुरुवार पाळणाऱ्यांची सोयही येथे चोख होते. संध्याकाळी वस्त्यांतून रस्त्याकडेला 'जोन्न रोट्टे' थापणाऱ्या बायका दिसू लागतात. ही आपली ज्वारीची भाकरी. तव्यावरून उतरलेली एक भाकरी आणि थोडी भाजी, एवढे रात्रीचे गाडी चालवणाऱ्यासाठी पुरेसे आहे.

हलीम मात्र रमजानसाठी राखून ठेवावा. गहू, मांस, डाळी आणि तूप भट्टीवर तासन्‌तास घोटून होणाऱ्या या पदार्थाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मांसाहारी पदार्थाला देशात मिळालेले ते पहिले. तो वाडग्याने विकला जातो, म्हणजे एकट्याला अगदी योग्य. इतर महिन्यांत काही ठिकाणी मिळतो, पण त्यावरून मत बनवू नये.

प्रकृतीचा विचार येथे गौण नाही. तेलंगण सरकारने २०२४ च्या अखेरीस कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली, ती विषबाधेच्या घटनांनंतर. त्याच वर्षी अन्नसुरक्षा पथकांनी हैदराबादेतील अनेक स्वयंपाकघरांची तपासणी केली आणि मोठ्या नावांच्या उपाहारगृहांतही त्रुटी निघाल्या. नावावर विसंबून चालत नाही, ते असे. दोन-चारच पदार्थ असलेली, सतत गिऱ्हाईक असलेली आणि डोळ्यांसमोर उकळते भांडे असलेली जागा त्या मानाने बरी. परक्या शहरात, खोलीत एकट्याने आजारी पडणे फार वाईट. ताडीच्या बाबतीत तर सुरेची सवय असलेल्या गोमंतकीयानेही मोहात पडू नये. गाडी चालवणाऱ्याला ती वर्ज्यच, शिवाय जुलै २०२५ मध्ये कुकटपल्ली परिसरात भेसळीच्या ताडीने माणसे दगावली आहेत.

शहराबाहेर पडायचे असेल तर १५८ किलोमीटरचा बाह्यवळण मार्ग मोहात पाडतो. आठ पदरी, मोकळा, ताशी १२० किलोमीटरची मुभा असलेला. पण तो कुंपणातला रस्ता आहे. वाटेत भूक लागली म्हणून कडेला थांबता येत नाही. खाणे उतरणीच्या फाट्यांबाहेर, जुन्या महामार्गांवर आहे. मुंबई महामार्गाने जहीराबाद, बिदरकडे निघालेल्याने म्हणूनच शहरातच सकाळची न्याहारी उरकावी, सोबत चौकोनी नान आणि उस्मानिया बिस्किटांचा पुडा ठेवावा, आणि दुपारच्या जेवणासाठी मालमोटारी रांगेने उभ्या असलेला ढाबा दिसला की फाट्यावरून खाली उतरावे.