गाव कुणाचं?

मंडळी, प्रश्न साधा आहे. गाव कुणाचं? जमिनीचं काय करायचं, घरात कोण राहणार, हे ठरवायचं कुणी? गोव्याच्या इतिहासात या प्रश्नाला निदान तीन उत्तरं मिळाली, आणि आज तिन्ही एकमेकांशी भांडताहेत.

आज हे आठवायचं कारण घरचंच आहे. आमचं बार्देशातलं जुनं घर वर्षातले अकरा महिने कुलूपबंद असतं. डागडुजी करून ते पर्यटकांना दिवसाच्या भाड्यानं द्यावं, अशी टूम सध्या भावंडांत निघाली आहे. शेजाऱ्यांना ते पसंत नाही. विहिरीचं पाणी, कचरा, रात्रीचा धिंगाणा, चिंचोळ्या रस्त्यावर भाड्याच्या गाड्या... त्यांची यादी मोठी आहे. आमच्यापैकी काहींचं म्हणणं, "घर आमचं, ते विचारणारे कोण?"

पहिलं उत्तर गावकरीचं. पोर्तुगीज येण्याआधीपासून गोव्यात गावची जमीन सामाईक असे. शेतं लिलावानं कसायला दिली जात, आलेल्या पैशातून देवळाचा, बांधांचा, सरकारी धाऱ्याचा खर्च भागे, आणि उरलेलं गावकऱ्यांत 'झोण' म्हणून वाटलं जाई. 1526 साली आफोन्सो मेशियानं या चालीरीती 'फोराल' नावाच्या दस्तऐवजात लिहून काढल्या. पुढे या संस्थेला 'कोमुनिदाद' हे नाव पडलं. आपल्याकडे तिचं फार कौतुक होतं, आणि खाजन शेतीचे बांध शतकानुशतकं राखणाऱ्या संस्थेचं कौतुक व्हायलाच हवं. पण तिथे हक्क होता तो जन्मानं, मूळ घराण्यांच्या पुरुषांना. गावकरी मुंबईला असला तरी गावकरीच. त्याच गावात पिढ्यान् पिढ्या राबणारा कुळवाडी मात्र बाहेरचा!

दुसरं उत्तर मुक्तीनंतर मिळालं. भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणाऱ्याला मुंडकार म्हणत. मालकाची मर्जी फिरली की त्याचं बिऱ्हाड रस्त्यावर. 1975 च्या मुंडकार कायद्यानं त्याला असं हुसकावण्यापासून संरक्षण दिलं, आणि राहत्या घराची जागा विकत घेण्याचा हक्कही दिला. म्हणजे कायद्यानं स्वच्छ सांगितलं की नुसत्या मालकीपेक्षा राहण्याला वजन आहे.

तिसरं उत्तर ग्रामसभेचं. 1994 च्या पंचायत राज कायद्यानं गावच्या मतदारयादीतला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य झाला. बाई असो, मुंडकार असो, की कालपरवा येऊन स्थायिक झालेला कुणी असो. या सभेला धार आली ती 2006 मध्ये. त्या वर्षी 'प्रादेशिक आराखडा 2011' जाहीर झाला, आणि शेतं नि डोंगर बांधकामासाठी खुले होणार हे नकाशे पाहणाऱ्यांच्या ध्यानात आलं. 'गोवा बचाव अभियान' उभं राहिलं, आणि 2007 च्या सुरुवातीला सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला. पुढच्या आराखड्यासाठी चार्ल्स कोरियांसारखे वास्तुविशारद कृतिदलात होते, आणि गावागावांचे नकाशे लोकांसमोर सूचनांसाठी ठेवले गेले. 2012 मध्ये नव्या सरकारनं तोही स्थगित केला, ही गोष्ट वेगळी. पण 'आम्हाला विचारल्याशिवाय रंग बदलू नका' ही सवय गावांना लागली ती लागलीच.

गंमत अशी की दिवसाच्या भाड्याचं घर या नकाशात दिसतच नाही. वस्तीचा रंग वस्तीचाच राहतो. एक वीट हलत नाही, आणि तरीही घराचं हॉटेल होतं. गोव्यात पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांनी नोंदणी करावी, असा कायदा 1982 पासून आहे. पण नोंदणी झाली म्हणून शेजाऱ्याची झोप परत येत नाही. जगात इतरत्रही हाच पेच आहे. न्यूयॉर्क शहरानं सप्टेंबर 2023 पासून तीस दिवसांहून कमी मुक्कामासाठी अट घातली : यजमानानं नोंदणी करायची, स्वतः त्याच घरात राहायचं, आणि पाहुणे दोनच. मला त्यात मुंडकार कायद्याचाच धागा दिसतो. जो राहतो, त्याच्यापासून सुरुवात.

आता आमच्या घराकडे. कागदोपत्री आम्ही मालक आहोत, पण नावं पुण्या-मुंबईच्या मतदारयादीत. ग्रामसभेत आम्हाला बोलायचा हक्क नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. पाणी आटलं तर टँकरची वाट आम्हाला बघावी लागणार नाही. तेव्हा नातेवाईक मंडळींनो, रागावू नका, पण माझं मत असं : आपल्यातलं कुणी तिथे जाऊन राहणार असेल तर दोन खोल्या जरूर द्याव्यात, रीतसर नोंदणी करून आणि आधी शेजाऱ्यांशी बोलून. कुणीच जाणार नसेल, तर एखाद्या स्थानिक कुटुंबाला वर्षाच्या भाड्यानं द्यावं. पैसे कमी मिळतील हे खरं. पण संध्याकाळी तुळशीपाशी दिवा तरी लागेल.

जन्मानं मिळालेला हक्क आपण पुष्कळ उपभोगला. आता राहणाऱ्यांचं ऐकूया. असो. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर सांगा, वाद घालायला मी तयार आहे.